न झिजलेली अक्षरं

शांतव्वाच्या घरात मासा आला तो रिक्षातून आला, आणि तोही भर दुपारी, सगळी गल्ली जागी असताना.

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत शांतव्वाचं घर म्हणजे कडक घर. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय चुलीवर आधण नाही, आणि अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. एकदा तिचा लेक महांतेश याच्या दोस्तानं वाढदिवसाला केक आणला, तर बाईनं तो आधी हुंगला, मग "ह्यात कोंबडीचं काय हाय का, पावणं?" म्हणून विचारलं, आणि पावण्यानं मान खाली घातल्यावर डब्यासकट गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही गडहिंग्लजच्या कानडी मास्तरापुढं. पण तिच्या तोंडाला लागून कुणी जिंकून गेलाय, असं अजून तरी ऐकिवात नाही.

रिक्षातून उतरली ती महांतेशची मुलगी, दानेश्वरी. मांडीवर काचेची पेटी, पेटीत पाणी, पाण्यात करंगळीएवढे मासे, अंगावर निळे पट्टे ओढलेले. रिक्षावाला सांगत होता, "ताई, एक खड्डा लागू दिला न्हाई बगा."

शांतव्वा दारात उभी राहिली. उंची पाच फूटसुद्धा नाही, पण दार भरून गेलं.

"हे काय?"

"आज्जी, आत तरी येऊ दे. पाणी हिंदकळालंय."

"मी काय इचारतोय?"

"मासे हायत."

"डोळं हायत मला. मासं हायत ते दिसालंय. हितं कशाला, ते सांग."

समोरच्या ओट्यावरून चिमणाबाई ओरडली. ती मलकापूरकडची, खाणारी-पिणारी बाई. "शांताक्का, तुमच्यात चालत नसंल तर हिकडं पाठवा की! रवा लावून दोन मिन्टांत तेलात सोडतो."

"चिमणे, तू तुझ्या खेकड्यांचं बघ. हितं घरात आग लागलीया, तू भाकरी भाजून घ्यायला निघालीस व्हय!"

दानेश्वरीनं दारातच उभ्याउभ्या सांगितलं. सन दोन हजार सातचा मे महिना. कॉलेजला सुट्टी, शिपाई गावाला, आणि लोडशेडिंग दिवसात दोन-दोनदा. वीज गेली की पेटीतला हवेचा पंप बंद पडतो. प्रयोगशाळेत बघायला कुणी नाही. सरांच्या घरी न्यावेत तर त्यांच्याकडे दोन मांजरं.

"आणि हे साधे मासे न्हाईत, आज्जी. हैदराबादला सहा महिने राहून केल्यात. दोनशे अंड्यांना सुई टोचली, त्यातनं हे नऊ जगले. ह्यांना आता पिल्लं झाली, तर माझं चार वर्षांचं काम तडीला जाईल. न्हाई झाली तर सर म्हणतात, आहे तेवढ्यावर प्रबंध गुंडाळ. बघायचा मायक्रोस्कोप दुसऱ्यांचा आणलाय, तो महिनाअखेर परत जाणार. परत सुई टोचायला मला कोण बोलवणार हाय?"

पोरगी रडत नव्हती, पण पेटी धरलेली बोटं पांढरी पडली होती. शांतव्वाला रडणारी माणसं आवडायची नाहीत. न रडता उभं राहणारं माणूस तिला हरवायचं. ती दारातून बाजूला झाली.

"स्वैपाकघरात न्हाय. देव्हाऱ्यापुढनं न्हाय. मागच्या पडवीत ठेवायचं, जाताना-येताना तोंड झाकून न्यायचं. आणि वास आला तर तुझ्यासकट बाहीर."

"पेटीला कसलं तोंड, आज्जी?"

"मग तुझं झाक."

*

घराण्याचा धंदा भांड्यांचा. शांतव्वाचा सासरा गडहिंग्लजहून तांब्यापितळेची भांडी डोक्यावर घेऊन आला, गल्लोगल्ली ओरडला, आणि मग दुकान टाकलं. पुढं स्टील आलं तेव्हा शांतव्वानं नवऱ्याशी आठ दिवस अबोला धरला. प्लास्टिक आलं तेव्हा तिनं महांतेशला स्वच्छ सांगितलं, दुकानात काय विकायचं ते विक, गिऱ्हाइकाला अक्कल नसली तर आपण काय करणार. पण माझ्या घरात ते येणार नाही. पाण्याचा हंडा तांब्याचा, आंघोळीचं घंगाळ तांब्याचं, प्यायचा तांब्या तर नावाप्रमाणं तांब्याचाच. रोज सकाळी चिंच-मिठानं घासून ती भांडी अशी करायची की चिमणाबाई म्हणायची, "शांताक्का, तुमच्या हंड्यात बघून मी कुंकू लावंन."

माशांसाठी दानेश्वरीनं पडवीत मातीचा रांजण मांडला. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, ते एक दिवस रांजणात उघडं ठेवायचं आणि मगच पेटीत घालायचं. शांतव्वा लांबून बघायची. "लेकाला कधी असं पाणी निववून दिलं न्हाय मी," असं पुटपुटायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, आणि दोघी पडवीच्या पायरीवर बसल्या. दानेश्वरी एका वाटीनं पेटीतलं पाणी वर काढून पुन्हा वरून सोडत होती, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. वाटीसुद्धा काचेची.

"ह्यांच्यात घातलंय काय म्हनालीस?" शांतव्वानं विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून तिला दोन दिवस झाले होते.

"माणसातला एक तुकडा."

"कुणाचा?"

"कुणाचाबी घे. सगळ्यांच्यात तो सारखाच. तुझ्यात, माझ्यात, चिमणाबाईंच्यात."

"चिमणीचा आणि माझा सारखा?"

"अक्षर न् अक्षर."

"तुझं मशीन तपासून घे."

दानेश्वरी हसली, मग सांगू लागली. प्रत्येक जिवाच्या कणाकणात एक लांबलचक मजकूर असतो, आणि तो चारच अक्षरांत लिहिलेला. आईबापाकडून पोराला जाताना त्याची नक्कल होते, नक्कल होताना चुका होतात, म्हणून माणूस आणि उंदीर आणि कोंबडी यांचे मजकूर आता एकमेकांपासून लांब गेलेत. पण त्या मजकुरात काही तुकडे असे सापडलेत की ते हललेच नाहीत. माणसात बघा, उंदरात बघा, कोंबडीत बघा, बेडकात बघा, जवळजवळ तेच. तीन वर्षांमागं ही गोष्ट छापून आली तेव्हा शहाणीसुरती माणसं डोकं धरून बसली होती.

"कधीपास्नं हलले न्हाईत?"

"हा माझा तुकडा चाळीस कोटी वर्षांचा असंल."

"म्हंजे बसवण्णांच्या आधीचा?"

"बसवण्णांच्या आधीचा, नंदीच्या आधीचा, जगात पहिला बैल झाला त्याच्याबी कितीतरी आधीचा. तेव्हा पाठीचा कणा असलेलं म्हणजे मासेच."

शांतव्वानं पेटीकडं तिरपी नजर टाकली. "आणि आमच्यात मासा हाय म्हन की सरळ."

"हाय की."

"शिव शिव! चिमणीला सांगू नको. म्हनंल, मग खायाला काय हरकत."

"पण खरी मजा पुढंच हाय. हा तुकडा मुळात कामाचा नव्हताच. त्या जुन्या माशाच्या अंगात तो असाच उपटसुंभासारखा होता. त्याला धंदा एकच, आपली झेरॉक्स काढायची आणि मजकुरात मिळेल तिथं घुसवायची. परत काढायची, परत घुसवायची."

"फुकटखाऊ."

"फुकटखाऊच. हजारांनी झेरॉक्स झाल्या. मग बहुतेकांची अक्षरं चुकत-चुकत गेली, आता त्या ओळखायलाबी येत न्हाईत. पण मोजक्या जाग्यांवर काय झालं, ज्या मजकुरात हे बिनबोलावता घुसलं, त्या मजकुरानं त्यांना कामाला लावलं. दिव्याचं बटण असतं तसं. पोर पोटात घडत असताना डोक्यात कुठला दिवा कुठं लावायचा, ते ही बटणं सांगत्यात. आणि ज्याला काम मिळालं, त्याचं अक्षर मग हललं न्हाई."

मग तिनं आफ्रिकेकडच्या समुद्रातल्या एका माशाची गोष्ट सांगितली. सगळं जग म्हणायचं की त्या जातीचा वंश बुडून कोट्यवधी वर्षं झाली, आणि एक दिवस तो कोळ्याच्या जाळ्यात जिवंत सापडला. त्याच्या अंगात हेच तुकडे अजून ढिगानं आहेत, कालपरवा झेरॉक्स काढल्यासारखे.

"बघ," शांतव्वा म्हणाली. "लोकांनी दिवस घालून जेवून हात धुतलं, आणि ह्यो बाबा जित्ता. आणि हे तुझं? पट्ट्यापट्ट्याचं?"

"ह्यांच्यात न्हाई. ह्यांच्या वाडवडलांनी तो कधीतरी घालवला. म्हणून तर घातलाय. बटण न्हाई, पण घरातल्या तारा अजून त्या बटणाला जुळत्यात का, ते बघायचं. तुकड्याला एक उजळणारा रंग जोडलाय. जुळलं, तर पिल्लाच्या डोक्यात हिरवं दिसंल."

शांतव्वा बराच वेळ गप्प बसली. ती गप्प बसली की घरातली माणसं काळजीत पडायची, कारण त्यानंतर जे यायचं ते धार लावून यायचं. पण या वेळी ती नुसती विचारात होती. अखेर म्हणाली, "तुझं गणित उलटं हाय, दानू."

"कसं?"

"आमच्या भांड्यांवर नावं घातलेली असत्यात. ठिपक्याठिपक्यानं. जे भांडं वापरात, त्याचं नाव घासून-घासून जातंय. आणि जे फळीवर नुसतं बसून ऱ्हातंय, त्याचं नाव पन्नास वर्सांनीबी लखलखीत. कामाचं झिजतंय, बिनकामाचं टिकतंय. ह्यी दुनियेची रीत हाय. तू म्हनतीस, बिनकामाचं झिजलं आणि कामाचं टिकलं."

दानेश्वरीचा हात वाटीवर थांबला. "सरांनीबी मला असं कधी विचारलं न्हाई."

"सरांनी भांडी घासली न्हाईत."

"अगं, झिजतात दोन्ही. चूक सगळ्याच अक्षरांत होते, रोज होते. फक्त बिनकामाच्या जागी चूक झाली तर कुणाला कळत न्हाई, ते पोर जन्मतं, वाढतं, चूक पुढं जाते. कामाच्या जागी चूक झाली तर," ती जरा अडखळली, "ते पोर बहुतेक जन्मालाच येत न्हाई. न्हाईतर जगत न्हाई. म्हणून आपल्याला वाटतं, अक्षर हललं न्हाई. हललं, पण ज्यांच्यात हललं, ती आपल्याला सांगायला उरली न्हाईत."

पेटीत मासे वर येऊन तोंडं उघडत होते. गल्लीत कुणीतरी वीजमंडळाच्या नावानं शिव्या देत होतं.

महांतेशच्या आधी शांतव्वाला दोन पोरं होती. एक दिवस भरायच्या आधी गेलं, एक दिवस भरून आलं पण रडलंच नाही. सासूनं तेव्हा सुईणीदेखत म्हटलं होतं, हिच्या कुशीतच खोट आहे, भांडं बदलून घ्या. शांतव्वानं त्या दिवसापासून तोंडाला धार लावायला घेतली. पुढं महांतेश झाला, घर उभं राहिलं, सासू गेली. तिनं मनाशी धरलं की आता या घरात जे काही टिकेल ते मी राखते म्हणून टिकेल, आणि जे गेलं ते माझ्या राखण्यात कसूर होती म्हणून गेलं. पन्नास वर्षं तिनं हा हिशेब कुणाला दाखवला नव्हता.

"दानू."

"हं?"

"जी ऱ्हायली न्हाईत, त्येंच्यात चूक कुणाची मग?"

दानेश्वरीला काही ठाऊक नव्हतं. तिनं आपलं शास्त्रातलं उत्तर दिलं. "कुणाचीच न्हाई, आज्जी. नक्कल होताना एखादं अक्षर बदलतं. आईनं काय केलं, काय खाल्लं, त्याचा बहुतेक येळा काय संबंध न्हाई."

"बहुतेक येळा," शांतव्वा म्हणाली. आणि उठून आत गेली.

*

त्यानंतर बाई बदलली म्हणायला हरकत नाही, पण तसं तिला कुणी म्हणून दाखवलं नसतं. सकाळी पूजा आटोपली की ती पडवीत जायची. पेटीला हात लावायची नाही, पण उभी राहायची. त्यातली एक पोटाळ होती, तिला ती "बाळंतीण" म्हणायची. एक दुसऱ्यांच्या मागं लागायचा, तो "कारभारी". महांतेशनं एकदा विचारलं, "अव्वा, माशांशी काय बोलाल्यास?" तर म्हणाली, "तुझ्यापरास बरं. मधी बोलत न्हाईत."

आणि मग तो दिवस आला.

दानेश्वरी सकाळी कॉलेजला गेली, संध्याकाळपर्यंत येणार होती. महांतेश दुकानात, सूनबाई माहेरच्या लग्नाला. अकरा वाजता वीज गेली. तासभर शांतव्वा पायरीवर बसून काचेच्या वाटीनं पाणी सोडत राहिली. ऊन पडवीत आलं. पेटीचं पाणी कोमट लागायला लागलं. मासे वर येऊन तोंडं आ करून टेकले, आणि बाळंतीण तर कोपऱ्यात नुसती हलत होती. मग बाईच्या हातातून वाटी सुटली आणि फुटली.

आता विचार करा, अशा वेळी तिनं काय करावं? जी बाई आयुष्यभर पाण्याबद्दल एकच गोष्ट खात्रीनं शिकली, की तांब्यातलं पाणी सगळ्यात चांगलं, ती तेच करणार. आंघोळीचं घंगाळ चांगलं रुंद, म्हणजे पाण्याला हवा लागते; दानूच म्हणाली होती की उघडं पाणी हवं. सकाळीच चिंच-मिठानं घासलेलं, आरशासारखं. ते तिनं सावलीत ओढलं. हंड्यातलं रात्रभर निवलेलं पाणी त्यात ओतलं. पाहुण्याला द्यावं, आजाऱ्याला पाजावं, मरणाऱ्याच्या तोंडात घालावं, ते पाणी. दानूच्या जाळीनं एकेक मासा उचलून त्यात सोडला. आयुष्यात पहिल्यांदा मासा इतक्या जवळ आला होता, पण तेव्हा तिच्या ते ध्यानातही आलं नाही. सात सापडले. कारभारी आणि आणखी एक काही केल्या जाळीत येईनात, ते पेटीतच राहिले.

"ऱ्हावा मग तिथं उन्हात," शांतव्वा म्हणाली. "हट्टी मेल्यांनो."

घंगाळात मासे खाली गेले. तळाशी लाल तांबं, वर निळे पट्टे. बाईला इतकं बरं वाटलं की तिनं चिमणाबाईला हाक मारून दाखवलं.

"व्हय की," चिमणाबाई म्हणाली. "राजाच्या आंघोळीला बसल्यात जनू."

थोड्या वेळानं एक मासा गोल फिरायला लागला. मग दुसरा. शांतव्वाला वाटलं, खेळतायत. मग पहिला आडवा झाला आणि तसाच फिरत राहिला.

"दृष्ट लागली," चिमणाबाई कुजबुजली. "मीठ-मिरची आणतो."

शांतव्वा पेटीकडं बघत होती. उन्हात, शिळ्या पाण्यात, ते दोन हट्टी मासे तोंडं आ करत होते, पण सरळ होते. सावलीतले आडवे होत होते आणि उन्हातले उभे होते. दृष्ट लागायची तर पेटीला आधी लागली असती. गल्लीतल्या प्रत्येकानं बघितली होती पेटी. फरक एकच होता. तिनं घंगाळाच्या काठावर बोट फिरवलं, मग बोटाकडं बघितलं. लखलखीत. आंबटसर वास.

"चिमणे, तुझा मग आण."

"कसला मग?"

"प्लास्टिकचा! मोरीतला! पळ!"

चिमणाबाईनं पन्नाशी ओलांडली होती, पण ती पळाली. ते वाक्य त्या घरात ऐकायला मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लाल रंगाचा, कान तुटलेला मग घेऊन ती आली, तोवर शांतव्वानं सातही मासे परत काचेच्या पेटीत टाकले होते आणि पेटी एकटीनं ओढत सावलीला नेली होती. मगानं रांजणातलं पाणी काढायचं, वरून पेटीत सोडायचं. पेटी भरली की तितकंच बाहेर उपसायचं. तांब्याचा तांब्या हाताशी होता. तो तिनं पायानं लांब सारला.

"आक्का, मी धरतो जरा. तुमचा हात भरून आला असंल."

"येऊ दे."

वीज आली तेव्हा ती तशीच पाणी सोडत होती.

*

दानेश्वरी आली तेव्हा पायरीवर केळीच्या पानाच्या तुकड्यावर पाच मासे ओळीनं ठेवले होते. शांतव्वा बाजूला बसली होती, लुगडं भिजलेलं.

"मी मारलं," ती म्हणाली. पोरगीनं चप्पल काढायच्या आत. "हंड्याच्या पाण्यात घातलं. घंगाळात. मला वाटलं, चांगलं हाय. चांगलं न्हवतं."

दानेश्वरी पेटीपुढं गुडघ्यावर बसली. चार हलत होते. ती काहीच बोलली नाही, आणि शांतव्वाला पहिल्यांदाच कळलं की आपल्या गप्प बसण्यानं घरातल्यांचं काय होत असेल.

"तांबं माशाचा श्वास बंद करतं," शेवटी दानेश्वरी म्हणाली. आवाज कोरडा होता. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई सांगायचं. सगळ्या घरात तांबं, आणि मला सुचलं न्हाई."

"तुझ्या अंगावर घिऊ नको. शिव्या घालायच्या असतील तर घाल. मला घालायला आजवर कुणी मिळालं न्हाई, तू हात धुऊन घे."

पोरगीनं शिव्या घातल्या नाहीत. जेवलीही नाही. ब्लेडनं तिनं पाचही माशांच्या शेपटीचा कण कापून बाटल्यांत ठेवला, अभ्यासाला. मेलेल्या माशांचं पुढं काय करायचं ते तिला सुचेना. शांतव्वानं जास्वंदीच्या मुळाशी खड्डा केला. आपल्यात माणसालाही पुरतातच. वरून चिमूटभर विभूती टाकली आणि मागं वळून बघितलं, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसत नव्हतं. चिमणाबाई तर डोळे पुसत होती, जिनं रवा लावायची तयारी केली होती ती.

उरलेल्या चारांत तीन नर होते. मादी एकच, ती बाळंतीण. घंगाळात आडवी पडून परत उठलेली. पोट अजून भरलेलं होतं. दानेश्वरी म्हणाली, आता ही अंडी घालेल तर घालेल. आठवड्यानं मायक्रोस्कोप परत जाईल, त्याच्या आत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पेटीच्या तळाला काचेच्या गोट्या पसरल्या. मासे स्वतःचीच अंडी खातात. गोट्यांच्या फटीत पडली तर वाचतात.

"आई असून खाती?" शांतव्वा म्हणाली.

"तिला कळत न्हाई ती तिची हायत."

"आमच्या सासूला कळत होतं."

पहाटे उजाडता उजाडता पेटीत खळबळ झाली. कारभारी मादीच्या मागं लागला होता. दोघी पडवीत उभ्या होत्या, एकमेकींना न सांगता उठलेल्या. सूर्य वर आला तेव्हा दानेश्वरीनं गोट्या बाजूला सारल्या आणि तळाचं पाणी नळीनं काचेच्या बशीत ओढून घेतलं. बशीत खसखशीएवढे, पाण्याहून पाणीदार असे मणी होते. बरेच होते.

पोरगीनं आजीकडं बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"चल म्हनालीस तर मीबी येतो कॉलेजला," शांतव्वा म्हणाली. "न्हाई म्हनालीस तरी येतो."

*

अंडी दोन दिवस कॉलेजातल्या उबेच्या पेटीत ठेवली. तिसऱ्या सकाळी शांतव्वा इरकली लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून प्रयोगशाळेत गेली. सरांनी खुर्ची दिली. दोन-चार विद्यार्थी भिंतीला चिकटून उभे होते. खिडक्यांना काळा कागद लावला होता, आणि मायक्रोस्कोपखाली निळा दिवा.

"सगळ्यांत उतरत नाही, आजी," सर समजावून सांगत होते. "आईबापाच्या अंगात तो तुकडा कुठं-कुठं असतो, कुठं-कुठं नसतो. शंभरात एखाद्या पिल्लात आला तर आला."

"आमच्यातबी तसंच असतंय," शांतव्वा म्हणाली. "एका आईची पोरं, एक सरळ आणि एक तसलं."

दानेश्वरी एकेक पिल्लू बघत होती आणि मान हलवत होती. अंधार. अंधार. बशी अर्धी संपली. सर घड्याळाकडं बघू लागले. एक विद्यार्थी बाहेर चहाला गेला. पोरगीची मान आता हलतही नव्हती, फक्त बोटं बशी पुढं सरकवत होती. शांतव्वा हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. त्या पाचांतल्याच कुणात तो तुकडा उतरला असेल, आणि तो जास्वंदीखाली गेला असेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. या खोलीत तिच्याशिवाय तो विचार करणारं आणखी एकच माणूस होतं, आणि ते तिच्याकडं पाठ करून बसलं होतं.

मग बोटं थांबली.

"सर," दानेश्वरी म्हणाली. चक्र थोडं फिरवलं, परत फिरवलं. "सर, डोक्याच्या मागच्या बाजूला. आणि खाली कण्याच्या कडेनं बारीक ओळ."

सर धावले. पण त्यांच्या आधी शांतव्वा उठली होती, आणि ती उठली की वाट द्यावी लागते.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. तो लावला तर नुसतं धुकं. उजवा लावला. आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग काळोख, आणि काळोखात एका काचेच्या मण्याच्या आत मुडपून बसलेला जीव. डोळे मोठाले, अंग असून नसल्यासारखं. त्याच्या डोक्यात हिरवे ठिपके होते, कोवळ्या पोपटी रंगाचे, नि पाठीतून खाली एक ओळ. पोटाशी काहीतरी धडधडत होतं, सारखं, न थकता.

"ह्यातलं आपलं कोणचं?"

"जिथं हिरवं दिसतंय," दानेश्वरी तिच्या कानाशी म्हणाली, "तिथं ते पिल्लू आपलं अक्षर वाचालंय."

"आणि ते उडालंय ते?"

"ते त्याचं काळीज."

मागं सर घसा खाकरत होते. त्यांनाही बघायचं होतं, चार वर्षं त्यांचीही गेली होती. कॅमेरा लावायचा होता, फोटो घ्यायचा होता. "आजी, जरा..."

"सर," शांतव्वा डोळा न काढता म्हणाली, "माझ्या हातनं पाच गेली. ह्यो एक मला नीट बघू द्या. तुम्ही शिकल्याली मानसं, तुमाला फोटोतबी दिसंल."

दानेश्वरीनं आजीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं चक्र अगदी सावकाश फिरवलं, म्हणजे तिच्या डोळ्याला बेतानं बसेल.

"हाललं," शांतव्वा म्हणाली. "दानू, ह्येनं आत कूस बदलली."